न तपासलेला ट्रक

लायल टोलमन हा काही आमच्या खोऱ्यातला मोठा माणूस नव्हे. एकतीस वर्षं त्याने सरकारी बर्फगाडी चालवली. म्हणजे एल्कहॉर्नच्या घाटातला बर्फ पहाटे बाजूला सारून रस्ता मोकळा करायचा आणि संध्याकाळी तोच रस्ता पुन्हा बुजलेला बघायचा. असं काम करून माणूस एक तर वैतागतो नाहीतर चिवट होतो. लायल चिवट झाला, आणि सावकाश तर तो जन्मापासूनच होता. नवे बूट घ्यायला त्याला दोन हिवाळे लागत. आर्डिथशी लग्न ठरवायला चार वर्षं लागली. ती अजून येईल-जाईल त्याला सांगते, "मलासुद्धा आधी घाटावर नेऊन आणलं याने, मग विचारलं."

पण कुणाला ट्रक घ्यायचा झाला की सगळ्यांना आधी लायल आठवायचा. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या आमच्या या कोपऱ्यात नोव्हेंबरात पडलेला बर्फ मे महिन्यापर्यंत हलत नाही, आणि तो आहे तोवर माणसं घरात बसत नाहीत. बर्फावरून पळणाऱ्या मोटारी, ज्यांना इथे नुसतं स्लेड म्हणतात, त्या ट्रेलरवर चढवायच्या, ट्रेलर पिकअपला जोडायचा आणि घाटाने वर जायचं, हा इथला शनिवारचा धर्म. रविवारचा धर्म वेगळा आहे, त्याला एवढी गर्दी नसते. तेव्हा ज्याचा ट्रक घाटात मान टाकतो त्याची अब्रू जाते, आणि कुठल्या वळणावर कुठला ट्रक मान टाकतो हे लायलइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यातले अर्धे तर त्यानेच दोर लावून ओढून काढलेले.

व्हेल्माच्या खानावळीत डिझेलवाल्यांचं एक टेबल आहे. लायल आत आला की ते मुद्दाम आवाज चढवून डिझेलच्या ताकदीचं कौतुक सुरू करायचे. लायल आपली पावासारखी मऊ बिस्किटं आणि त्यांवरचा दाट रस्सा संपवायचा, मग सावकाश म्हणायचा की तुमचं डिझेल उणे तीसला जेलीसारखं घट्ट होतं, आणि तुम्ही बॉनेटमध्ये नाक खुपसून त्याला शेकत बसता, तोवर माझं पेट्रोलचं इंजिन दोन डोंगर चढून आलेलं असतं. शिवाय स्लेडही पेट्रोलच पितात, एकच डबा दोघांना पुरतो. दोन-चार स्लेड ओढायला पेट्रोलचा ट्रक पुष्कळ झाला. गुरांचा कळप न्यायचा असेल तर घ्या डिझेल, खुशाल घ्या.

मात्र पेट्रोलचा ट्रक घेताना तो जितकी खोट काढायचा तितकी सासूसुद्धा सुनेची काढत नाही. जाहिरातीत किती वजन ओढतो म्हणून छापलंय ते तो वाचायचाच नाही. दार उघडून चौकटीवर चिकटवलेली माहितीची पट्टी वाचायचा. ट्रक स्वतःच्या पाठीवर किती झेपवतो ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ट्रेलरचा भार मागून त्याच पाठीवर बसतो, वर माणसं, पेट्रोलचे डबे, हत्यारांची पेटी. मागच्या आसातल्या गिअरचे दाते ओझं चढवणारे, घाटाचे आहेत की नुसत्या सपाटीचे, ते बघायचा. उंचीवर हवा विरळ होते, तशी दर हजार फुटांना इंजिनची ताकद शेकडा तीनने गळून जाते, हे तो आकडे मांडून सांगायचा. आणि शेवटी स्लेडने भरलेला ट्रेलर जोडून ट्रक घाटमाथ्यापर्यंत नेल्याशिवाय हो म्हणायचा नाही. माथ्यावर उतरायचं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढायची आणि हुंगायची. जळका वास आला की संपलं. या कामाचे तो पैसे घेत नसे. फार तर हकलबेरीची एखादी पाय, म्हणजे रानफळं भरून भाजलेली गोड पोळी, घ्यायचा, तीही आर्डिथला आवडते म्हणून.

त्याचा स्वतःचा ट्रक बावीस वर्षं चालला आणि एका सप्टेंबरात रस्त्यावरच्या मिठाने त्याची हाडं खाऊन टाकली. सांगाडाच गंजला, त्याला इलाज नाही. पहिल्या बर्फाच्या आत दुसरा ट्रक हवा होता. लायलने पाच आठवडे तीन ट्रक बघितले. एकाच्या आसाला सपाटीचे दाते निघाले. दुसऱ्याच्या मालकाने छताला काच आणि आत कातड्याच्या गाद्या लावून घेतल्या होत्या, आणि त्या चैनीने चौकटीवरचा आकडा खाऊन टाकला होता. तिसरा घाटाच्या सातव्या वळणावर तापला. खानावळीत लोक पैजा लावायला लागले की लायल हा हिवाळा पायीच काढणार.

तेव्हा रीड होकानसन म्हणाला, माझा घे.

रीडबद्दल इथे थांबून सांगितलं पाहिजे. डोंगरात एकट्याने जायचं नसतं. प्रत्येकाचा एक जोडीदार असतो, आणि जोडीदार म्हणजे गप्पा मारायला सोबत नव्हे. हिमकडा कोसळला तर तुम्हाला उकरून काढणारा माणूस. बर्फाखाली गेलेला माणूस पंधरा मिनिटांत निघाला तर निघाला. अकरा वर्षांपूर्वी उत्तरेच्या उतारावर लायल चार फूट खाली गाडला गेला होता. रीडने जागा शोधली, खणायला घेतलं, आणि फावड्याचा दांडा मोडला. मग तो हातमोजे फेकून हातांनी खणत सुटला. नवव्या मिनिटाला लायलचं तोंड मोकळं झालं. रीडची दोन नखं उपटून गेली होती. त्या दिवसापासून आर्डिथ सोडली तर लायल दुसऱ्या कुणाबरोबर वर गेला नाही. आणि त्या दिवसाबद्दल रीड कधी बोलला नाही, हे लायलला सगळ्यात मोठं वाटायचं. कुणी विषय काढला तर रीड म्हणायचा, "त्याच्याकडे माझा पाना होता, म्हणून काढला."

रीडचा ट्रक नऊ वर्षांचा, आठ सिलिंडरचा, पेट्रोलचा. दाते घाटाचे, चौकटीवरचा आकडा चांगला, अंगावर एक ओरखडा नाही. रीड थोरल्या मुलाचा ट्रक विकत घेणार होता, म्हणून हा मोकळा होत होता. लायल ऑक्टोबरअखेर त्याच्या अंगणात गेला, ट्रकभोवती एक फेरी मारली, दार उघडून चौकटीवरची पट्टी वाचली. रीडने किल्ली पुढे केली. म्हणाला, हवं तर ट्रेलर जोडून घाटावर नेऊन बघ.

लायलने किल्ली घेतली नाही. "तुझा ट्रक मी तपासायचा?" असं म्हणून तो हसला.

रीडही हसला. त्याने हात मागे घेतला. त्याने सांगितलेल्या किमतीवर लायल घासाघीस करत बसला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक ट्रक पाव तासात ठरला. आर्डिथला फार आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, तब्येत बरी आहे ना तुझी? लायल म्हणाला, ज्या माणसाने मला बर्फातून बाहेर काढलं त्याच्या ट्रकचं तेल हुंगू? तिलाही तसंच वाटत होतं.

नोव्हेंबर-डिसेंबर बर्फ कमी होता. ट्रक सपाटीवर दुकानापर्यंत, चर्चपर्यंत छान पळाला. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी दीड फूट बर्फ पडला आणि खोरं वर निघालं. रीडने कळवलं की पाठ धरलीय, आज येत नाही. त्या दिवशी लायलबरोबर आर्डिथ होती. तिची स्वतःची पिवळी स्लेड आहे आणि साठीतही ती चांगली हाकते. दोन्ही स्लेड ट्रेलरवर बांधून दोघं घाटाला लागली.

सातवं वळण गेलं, नववं गेलं. अकराव्याला इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि ट्रक पुढे जाईना. लायलने पाय उचलला, पुन्हा दाबला. गिअर पकडतच नव्हता. मग ट्रक थांबला, आणि थांबून मागे सरकायला लागला. ब्रेक दाबले तरी बर्फावर चाकं धरेनात. ट्रेलर आडवा फिरला आणि ट्रकला दरीच्या अंगाने ओढायला लागला. आर्डिथने समोरचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. बर्फगाडीने रस्त्याच्या कडेला रचलेल्या ढिगात ट्रेलरचं बूड रुतलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. तो ढीग लायलच्या जागी आलेल्या पोराने पहाटे नीट रचला नसता तर आज ही गोष्ट वेगळी असती. लायल अजून ब्रेकवर पाय रोवून बसला होता. आर्डिथने त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी ठीक आहे. तू श्वास घे."

ट्रक ओढून खाली राउल सालिनासच्या गॅरेजात नेला. राउल आमच्या खोऱ्याबाहेरचा, तीस मैलांवरच्या गावातला. गिअरबॉक्सचं काम तोच करतो. त्याने ट्रक बघितला आणि म्हणाला की हा परत आला म्हणायचा. लायलला वाटलं तो दुसऱ्या कुठल्या ट्रकबद्दल बोलतोय. राउल म्हणाला, नाही, हाच. ऑक्टोबरात होकानसनने आणला होता. आतल्या पट्ट्या जळाल्यात, ओझं घेऊन चढावर नेलास तर केव्हाही सोडेल, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. बदलायचं म्हटलं तर तो म्हणाला, नको, फक्त तेल बदलून दे.

म्हणजे तेल हुंगलं असतं तरी ताजंच लागलं असतं. हे लायलच्या आधी ध्यानात आलं नाही. गॅरेजच्या बाकावर बसल्या बसल्या आलं. तेल बदलणारा माणूस, कुणीतरी ते हुंगणार आहे हे धरूनच ते बदलतो. आणि खोऱ्यात तेल हुंगणारा माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी तो रीडकडे गेला. रीड गॅरेजमध्ये स्लेडचा पट्टा बसवत होता. पाठ धरलेली दिसत नव्हती. लायलने आवाज चढवला नाही.

"ऑक्टोबरात तू राउलकडे गेला होतास?"

रीडने मान वर केली नाही. "गेलो होतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू तपासशील असं वाटलं मला. साऱ्या गावाचे तपासतोस. मी किल्ली पुढे केली होती की नव्हती?"

"केली होती. मी घेणार नाही हे तुला ठाऊक होतं."

रीड मग बरंच बोलला. कुणी दुकानदार तो ट्रक घेईना, मुलाला त्याचा ट्रक घ्यायचा शब्द देऊन बसलो होतो, तू जपून चालवतोस, तुझ्या हाताखाली एखादा हिवाळा निघाला असता, दुरुस्तीचा अर्धा खर्च मी देतो. लायल ऐकत उभा होता. खर्चाचं त्याला काही नव्हतं. त्याला रीडच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि ते सोडून रीड बाकी सगळं बोलत होता.

"आर्डिथ गाडीत होती, रीड."

रीडने पाना खाली आपटला. "अकरा वर्षं झाली! नखं गेली माझी. कधी तोंडातून शब्द काढला मी? कधी काही मागितलं तुझ्याकडे?"

"आत्ता मागितलंस की," लायल म्हणाला, आणि तिथून निघाला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने फसवलं असतं तर लायल चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण इथे नुसता ट्रक गळ्यात मारला नव्हता. ज्या नऊ मिनिटांवर तो अकरा वर्षं जगला, ती नऊ मिनिटंही रीडने त्या ट्रकबरोबर विकायला काढली होती.

गावाला त्याने खरं सांगितलं नाही. गिअरबॉक्स गेला, होतं असं कधी कधी, एवढंच म्हणाला. झालं, डिझेलवाल्यांच्या टेबलाला सणच सापडला. साऱ्या खोऱ्याला ट्रक निवडून देणाऱ्याला स्वतःचा निवडता आला नाही, वय झालं बिचाऱ्याचं, नाकाने वास येईनासा झाला. कुणी म्हणालं, आता व्हेल्मालाच हुंगायला सांगू, ती निदान करपलेलं ओळखते. लायलने ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. रीड दोन टेबलं सोडून बसला होता. त्याच्या एका वाक्याने ते हसू तिथल्या तिथे बंद झालं असतं. तो कॉफीत साखर ढवळत राहिला. ट्रक विकताना त्याने फसवलं ते एकदा. इथे तो रोज सकाळी नव्याने फसवत होता, आणि लायल रोज सकाळी त्याला झाकून घेत होता. हे का करतोस, म्हणून आर्डिथ चिडली. त्या महिन्यात ट्रक बघायला चल म्हणून कुणाचाही फोन आला नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर आभाळ मोकळं झालं. राउलने नवा गिअरबॉक्स घालून दिला होता. त्या शनिवारी लायलने आपली एकट्याची स्लेड चढवली. आर्डिथला नीट समजेना की हा का चाललाय, आणि खरं तर त्यालाही समजत नव्हतं. चाळीस वर्षांची सवय पायात असते. ट्रक विनातक्रार माथ्यावर पोचला.

माथ्यावरच्या मोकळ्या जागेत लायल धरून आठ जण जमले होते, त्यात रीडही होता. वर निघण्याआधी इथे एक रिवाज आहे. प्रत्येकाच्या छातीला एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. माणूस गाडला गेला तर त्या यंत्राच्या आवाजावरून वरच्यांना त्याची जागा कळते. निघताना एक जण उभा राहतो आणि बाकीचे त्याच्या समोरून एकेक करून जातात. प्रत्येकाचं यंत्र बोलतंय का ते तो ऐकतो. धर्मगुरू आला तरी त्याचंही ऐकतात. त्यात कुणाला राग येत नाही, माझ्यावर विश्वास नाही का, असं कुणी विचारत नाही. त्या दिवशी ऐकायला लायल उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपण रीडचंसुद्धा चाळीस वर्षं दर खेपेला तपासत आलोय. मग त्याची किल्ली हातात घ्यायला एवढं काय जड गेलं होतं? भरवसा ठेवायचा मोठेपणा आपल्याला हवा होता. तो मिरवायला आवडला. रीडने ते ओळखलं होतं.

सगळ्यात शेवटी रीड समोरून गेला. त्याचं यंत्र स्वच्छ बोललं. तो थांबला. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. रीडच्या गॅरेजमधल्या त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"निघायचं ना?" रीडने विचारलं.

लायलने त्याच्या हातांकडे पाहिलं. हातमोज्यांतल्या हातांकडे. आज हा माणूस खाली गेला तर? आपण खणू, यात शंका नाही. पण फावडं हातात घेण्याआधी एकदा तरी मनात येईल. अकरावं वळण येईल, डॅशबोर्ड धरून बसलेली आर्डिथ येईल, साखर ढवळणारा चमचा येईल. मनात यायला कितीसा वेळ लागतो, दोन-चार क्षण. खालच्या माणसाजवळ ते नसतात.

"तू जा," लायल म्हणाला. "या लोकांबरोबर जा. मी नाही येत."

"एवढाही भरवसा राहिला नाही माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे. मी गाडला गेलो तर तू उरलेली नखंही घालवशील, माहीत आहे मला." लायल म्हणाला. "माझाच माझ्यावर राहिला नाही, रीड. ते तू घालवलंस."

रीडचं तोंड उघडं राहिलं. जे वाक्य तो महिनाभर बोलला नव्हता ते आता बोलायला निघाला होता की काय कोण जाणे. पण मागून कुणीतरी इंजिन सुरू केलं आणि उशीर होतोय म्हणून हाक मारली. लायलने आपलं यंत्र बंद केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मला मोजू नका. त्यांनी पुन्हा मोजलं. सात भरले. रीड सातव्या स्लेडवर बसला आणि गेला.

लायलने आपली स्लेड परत ट्रेलरवर चढवली, साखळ्या आवळल्या आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. आता घरी जायला काहीच हरकत नव्हती. पण तो गेला नाही. उत्तरेच्या उतारावरचा बर्फ अजून नीट बसला नसेल, तिथे आज जायला नको, हे रीडला सांगायचं राहिलं, असं त्याच्या मनात येत राहिलं. त्याने सोबतचं सँडविच खाल्लं नाही. काच धुरकटली की बाहीने पुसायचा आणि वरच्या कड्याकडे बघायचा. चार वाजायला आले तेव्हा स्लेडांचा आवाज आला. एक, दोन, तीन. त्याने बोटांवर मोजलं. सातवी स्लेड वळणावर दिसली, तिच्यावरचा माणूस रीड होता, तेव्हा त्याने किल्ली फिरवली, आणि रीड हेल्मेट काढून त्याच्याकडे यायला लागण्याआधीच तो घाट उतरायला लागला.